दूध आणि बाळबोध : तंजावरच्या छत्रांचा एक उपेक्षित अर्थ

तंजावर हे नाव उच्चारताच मराठी अभ्यासकाच्या मनासमोर उभे राहते ते सरस्वती महाल ग्रंथालय, तेथील हस्तलिखितांची बाडे, भोसलेकुलीन राजांची नाटके, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर इ. स. १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा विस्तीर्ण शिलालेख. या साऱ्याचा अभिमान बाळगणे स्वाभाविक आहे. परंतु भाषा ही केवळ पोथीत आणि पाषाणात राहत नाही. ती आधी मुलाच्या जिभेवर बसावी लागते, आणि ते मूल जगावे, पोटभर जेवावे, निरोगी राहावे, तेव्हाच तिला बसायला जागा मिळते. वाङ्मयाच्या इतिहासात या साध्या गोष्टीची नोंद आपण क्वचित घेतो. तंजावरच्या बाबतीत ती घेण्यासारखी परिस्थिती आहे, कारण तेथे ग्रंथ छापणारा आणि तान्ह्या मुलाला दूध देणारा हात एकच होता. या एका हाताच्या दोन कृत्यांचा संबंध लावून पाहावा, आणि त्यातून आजच्या एका अपुऱ्या राहिलेल्या प्रश्नाकडे वळावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांचे स्वतःचे बालपण येथे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले, पण तुळजाराजांच्या निधनानंतर अमरसिंहाच्या कारकीर्दीत हा मुलगा जवळजवळ बंदिवासात वाढला. त्याला शिक्षकही धड मिळत नव्हता. ख्रिस्ती धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांनी त्याबद्दल वारंवार तक्रार केली, आणि अखेरीस १७९३ मध्ये त्याला शिक्षणासाठी मद्रासला हलविण्यात आले. १७९८ मध्ये तो गादीवर आला. ज्याच्यापासून लहानपणी पाटी दूर ठेवली गेली, त्याने मोठेपणी इतरांच्या मुलांसाठी पाट्या मांडल्या. त्याच्या शिक्षणप्रेमाचे कारण केवळ युरोपीय संस्कारांत शोधणारे विवेचन म्हणूनच अपुरे वाटते. वंचित राहिल्याची आठवणही माणसाला शाळा काढायला लावते.

छत्रांची परंपरा सरफोजीराजांच्या आधीची. रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंच्या निवासासाठी आणि अन्नासाठी तंजावरच्या राजांनी व राण्यांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली, आणि त्यांना जमिनी लावून दिल्या. निडामंगलम् येथील यमुनांबाळ छत्र हे त्यांतले एक. सरफोजीराजांनी आपली दिवंगत सहचरी मुक्तांबा हिच्या नावाने ओरत्तनाडु येथे १८०२ च्या सुमारास मुक्तांबाळ छत्र उभारले. त्या गावाला मुक्तांबाळपुरम् असेही नाव मिळाले. येथे निवास आणि भोजन यांच्या जोडीला शाळा होती, आणि तीत तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत, फारसी व इंग्रजी या भाषांच्या अध्ययनाची सोय होती.

छत्रांत नेमके काय चालत असे, याविषयीचा एक महत्त्वाचा पुरावा म्हणजे खुद्द राजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटास लिहिलेले पत्र. त्यातील तपशील वाचताना आजच्या वाचकाला आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्याला अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे काय अशी हाक घातली जाई. परक्या वाटसरूंची मागे राहिलेली पोरकी मुले छत्रातील पंतोजींच्या स्वाधीन केली जात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, दर चार दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालणे, आजारात औषध, अंगावर कपडा, आणि ज्या विद्येची त्यांना आवड वाटेल त्या विद्येचे शिक्षण अशी व्यवस्था होती. विद्या पुरी झाली की त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्रच करी. तान्ह्या मुलांना दूध मिळे. गर्भवती स्त्री छत्रात प्रसूत झाली तर तिचा खर्च आणि औषधपाणी छत्राकडे, आणि बाळंतपणानंतर तीन महिने तिला तेथे राहण्याची मुभा होती.

या यादीकडे पुण्यकर्मांची जंत्री म्हणून पाहिले तर तिचे मर्म हाती लागत नाही. तीत एक क्रम आहे. आधी आई, मग दूध, मग जेवण, तेल-न्हाण, औषध, वस्त्र, आणि यांच्या सोबतीने अक्षर. लहान मुलाचे शिक्षण पाटीपासून सुरू होत नाही, ते आईच्या प्रकृतीपासून सुरू होते, ही जाण या क्रमात आहे. मराठी घरात बाळाला तेल लावून न्हाऊ घालणे हे केवळ स्वच्छतेचे काम नाही. त्या वेळी आई किंवा आजी बाळाशी बोलते, गाते, त्याच्या अवयवांची नावे घेते. भाषेचा पहिला पाठ तोच. पोरक्या मुलाला हा पाठ देणारे कोणी नसते, हे ओळखून दर चार दिवसांच्या न्हाणाची तरतूद करणारी व्यवस्था शिक्षणशास्त्राच्या पुस्तकावाचूनही शिक्षणशास्त्र जाणत होती असे म्हटल्यास वावगे ठरू नये. युरोपात रॉबर्ट ओवेन यांनी न्यू लॅनार्क येथे कामगारांच्या मुलांसाठी बालशाळा उघडली ती १८१६ मध्ये, आणि फ्रोबेल यांची संस्था निघाली १८३७ मध्ये. या तारखा सांगून 'आमच्याकडे सारे आधीच होते' असे मिरविण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. छत्र ही आजच्या अर्थाने बालवाडी नव्हती. लहानांसाठी वेगळी अध्यापनपद्धती तेथे होती असा दावा करता येत नाही. तेथे होता तो आधार, आणि त्या आधारावाचून कोणतीही पद्धती गरिबाच्या मुलापर्यंत पोचत नाही.

त्या काळच्या कावेरीकाठी शाळा नव्हत्या असे नाही. ओसरीवर भरणारी तिण्णै शाळा गावोगावी होती. वाळूत बोट फिरवून अक्षरे गिरवायची ही तिची पद्धत आपल्याकडील धुळाक्षरांची सख्खी बहीण. उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांनी आपल्या आत्मचरित्रात अशा शाळांचे जे वर्णन केले आहे, ते तमिळच्या अभ्यासकांना परिचित आहेच. परंतु तिण्णै शाळेच्या गुरुजीचा चरितार्थ पालकांनी दिलेल्या धान्यावर, पैशांवर आणि सणावारच्या भेटींवर चाले. ज्याच्या घरी द्यायला काही नाही, त्याच्या मुलाला ती ओसरी उंच वाटे. छत्राने ही पायरी काढून टाकली. 'मोफत' या शब्दाचा खरा अर्थ फी न घेणे एवढाच नाही. मूल शाळेत बसल्यामुळे घराचे जे जे उणे होते, ते भरून देणे हा त्याचा अर्थ. हा अर्थ छत्राला कळला होता.

आता दुसऱ्या कृत्याकडे वळू. १८०५ च्या सुमारास सरफोजीराजांनी नवविद्याकलानिधी या नावाने छापखाना काढला, आणि त्यातून सख्खन पंडितांनी केलेले इसापनीतीचे मराठी रूपांतर 'बाळबोध मुक्तावली' या नावाने निघाले. देवनागरी छपाईच्या प्रारंभकाळात मराठीतून जे ग्रंथ मुद्रित झाले, त्यांत मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकाचा मान इतका वरचा असावा, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात तळटीपेपुरती उरली आहे. याच दरबारात 'देवेंद्र कुरवंजी' ही मराठी कृती झाली. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. भविष्य सांगत फिरणारी कुरव जमातीची स्त्री त्यात आपण पाहिलेल्या डोंगरांचे व नद्यांचे वर्णन करते. राजांनी तिच्याच तोंडी नव्या भूगोलाप्रमाणे पृथ्वीचे वर्णन घातले. नवे ज्ञान शिकवायचे तर ऐकणाऱ्याच्या कानाला सवयीच्या असलेल्या चालीतून शिकवावे, हे सूत्र येथे दिसते. रचना मराठी, साचा तमिळ, ज्ञान युरोपीय, आणि सांगणारी एक भटकी, गरीब स्त्री! भारतीय वाङ्मयांच्या तौलनिक अभ्यासकाला याहून बोलके उदाहरण सहसा मिळणार नाही.

'बाळबोध' या शब्दाचे दोन अर्थ मराठी वाचकाला सांगावयास नकोत. मुलाला कळेल असे ते बाळबोध, आणि मोडीहून वेगळी अशी जी स्वच्छ, सुटी देवनागरी, तीही बाळबोध. तंजावरात छत्राचा जमाखर्च मोडीत लिहिला जाई, आणि मुलाची गोष्ट बाळबोधीत छापली जाई. दुधाचा हिशेब एका लिपीत आणि कोल्ह्याची गोष्ट दुसऱ्या लिपीत. आपण अभ्यासकांनी या दोन लिप्यांची फारकत मनातही करून टाकली आहे. बाळबोधीतले ते वाङ्मय, मोडीतले ते दप्तर. एकाचा मालक साहित्याचा प्राध्यापक, दुसऱ्याचा इतिहासाचा. पण राजाच्या मनात ती एकच योजना होती, आणि ज्या मुलाने सकाळी जेवून दुपारी अक्षरे गिरवली, त्याच्या दृष्टीने तर तो एकच दिवस होता. तंजावरच्या मोडी कागदपत्रांची तमिळ भाषांतरे व संकलने तमिळ विद्यापीठाने (स्थापना १९८१) प्रसिद्ध केली आहेत. ज्या भाषेत ती मूळ लिहिली गेली, त्या भाषेच्या अभ्यासकांनी ती वाङ्मयाच्या सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून वाचायला घ्यावीत, असे सुचविणे अनाठायी होणार नाही.

येथपर्यंत जे लिहिले ते गौरवाचे झाले. पण गौरवावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. छत्र हे दान होते. दानाला दाता लागतो, आणि दात्याचे दिवस फिरले की दान धोक्यात येते. ज्या १८०१ च्या पत्रावरून आपल्याला छत्राची माहिती मिळते, ते पत्र अभिमानाने लिहिलेले वृत्त नव्हते, ती विनवणी होती. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता, आणि छत्रांच्या जमिनींचे उत्पन्न तरी हिरावून घेऊ नका, असे सांगण्यासाठी राजाला छत्रात काय काय चालते याची यादी द्यावी लागली. तान्ह्या मुलाचे दूध एका परक्या अधिकाऱ्याच्या संमतीवर अवलंबून होते. १८५५ मध्ये तंजावरची गादीही संपली. छत्रांचा कारभार सरकारी यंत्रणेकडे गेला, इमारती काही वापरात राहिल्या, काही पडझडीला लागल्या, आणि तो क्रम, ती आईपासून अक्षरापर्यंतची साखळी, तुटली.

दुसरी मर्यादा याहून खोल आहे. छत्राचे अन्न आले कोठून? कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीतून. त्या शेतांत चिखल तुडविणाऱ्या पळ्ळर-परैयर शेतमजुरांची मुले छत्राच्या शाळेत किती होती? पंगतीला अन्न सर्वांना असले तरी विद्येची पंगत सर्वांसाठी मांडली गेली नव्हती. प्रत्येक छत्रात चार वेदांना चार अध्यापक नेमलेले असत, त्या अध्यापकांपुढे कोण बसू शकत होते हे सांगण्याची गरज नाही. या अन्यायाची थोरली किंमत पुढे याच भूमीने पाहिली. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी या गावी मजुरीवाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला, आणि एका झोपडीत आश्रयाला गेलेली ४४ माणसे जाळली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. दोन मापे धान्यासाठी भांडणाऱ्या आईबापांच्या मुलांना अक्षरांचे दान पुरणार नव्हते. त्यांना हक्क हवा होता.

दानाकडून हक्काकडे जाण्याचा प्रवास तमिळनाडूने इतर राज्यांच्या आधी सुरू केला हे मान्य केलेच पाहिजे. कामराज मुख्यमंत्री असताना १९५६ मध्ये शाळांतील दुपारच्या जेवणाला राज्यव्यापी रूप येऊ लागले. १ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी सत्त्वयुक्त भोजन योजना सुरू केली, तीत शाळेत जाणाऱ्या मुलांबरोबर दोन वर्षांपासूनच्या बालकांचाही समावेश होता. त्या वेळी अर्थतज्ज्ञांनी ती उधळपट्टी ठरविली होती, पुढे साऱ्या देशाने तिचे अनुकरण केले. २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत सकाळच्या न्याहारीची योजना आली, आणि २०२३ मध्ये तिचा राज्यभर विस्तार झाला तो तिरुक्कुवळै येथून, जे गाव एके काळच्या तंजावर जिल्ह्यातलेच. मध्यरात्रीची घंटा आता सकाळी वाजू लागली, असे म्हणावेसे वाटते.

महाराष्ट्राने या प्रवासात वेगळी भर घातली. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी शहरी बालमंदिरांतून बाहेर पडून १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या साध्या विचारातून अंगणवाडी जन्मली. मुले गुरे राखतात तर शाळा कुरणात भरवावी, यातून कुरणशाळा झाली. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले वापरले गेले. छत्राने मुलाला आपल्या छपराखाली घेतले. अंगणवाडीने छप्परच मुलाच्या दारी नेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि 'अंगणवाडी' हा मराठी शब्द तिच्याबरोबर भारतभर गेला. मराठीने देशाला दिलेल्या शब्दांत याहून मोलाचा शब्द शोधावा लागेल.

असे असूनही प्रश्न सुटलेला नाही, आणि तो कोठे अडला आहे हे नेमके सांगता येते. घटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षे पुरी होईपर्यंत सर्व मुलांच्या मोफत शिक्षणाचे उद्दिष्ट होते, त्याला खालची मर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयाचे शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण सहा वर्षांखालील बालकाला निर्देशक तत्त्वांतच ठेवण्यात आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय 'करता येईल' असे म्हटले, 'केलीच पाहिजे' असे म्हटले नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकाला अंगणवाडीतील आहाराचा, आणि गर्भवती व स्तनदा मातेला आहाराचा व किमान ६,००० रुपयांच्या साहाय्याचा हक्क दिला. म्हणजे मुलाचे जेवण कायद्यात आले, त्याची गोष्ट, गाणे आणि अक्षर अद्याप बाहेरच राहिले. जे दोन एका छत्राखाली होते, ते दोन कायद्यांनी वेगळे केले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ या वयाचा एकसंध टप्पा कल्पिला हे खरे, परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे.

ही उणीव केवळ कलमांची नाही. अंगणवाडीत शिकणे नाही, फक्त खाणे आहे, असा ग्रह झाला की गरीब आईबापही पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी नाव लावलेल्या खासगी बालवर्गात घालतात. १६ जुलै २००४ रोजी तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम् येथे एका खासगी शाळेच्या स्वयंपाकघरातून उठलेली आग वरच्या मजल्यावरील वर्गांच्या गवती छपराला लागली, आणि ९४ मुले मृत्यू पावली. अरुंद इमारतीत दाटीवाटीने बसवलेली ही मुले बहुतांशी सामान्य, कष्टकरी घरांतली होती. ज्या जिल्ह्यात दोनशे वर्षांपूर्वी रस्त्याने जाणाऱ्या परक्याच्या मुलासाठी दगडी छत्र बांधले गेले, त्याच जिल्ह्यात आपल्याच मुलांच्या डोक्यावर गवताचे छप्पर होते. ही तुलना कठोर आहे, पण ती टाळता येत नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की फुकट मिळते त्याची किंमत राहत नाही. हा आक्षेप घेणारे सहसा स्वतः सरकारी खर्चाने चाललेल्या विद्यापीठांत शिकलेले असतात. उच्च शिक्षणाला मदत देताना जी शंका आपल्याला येत नाही, ती तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीतच का यावी? दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. इतक्या लहान वयात मूल संस्थेच्या स्वाधीन केल्यास घरची बोली, घरचे संस्कार तुटतील अशी भीती त्यामागे आहे. तंजावर-कुंभकोणम् भागातील मराठीभाषक घरे याची साक्ष देतील. तेथील मराठी तीनशेहून अधिक वर्षे घरात टिकली, ती शाळेमुळे नव्हे, आई-आजीच्या तोंडून. तमिळ शब्द आणि तमिळ वळणे घेतलेली ती बोली बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांना आज मराठी वाचता येत नाही. हा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर बालवाडी बंद ठेवणे हे नाही. घरची बोली आत येऊ देणारी बालवाडी हे त्याचे उत्तर आहे. कुरवंजीच्या तोंडी भूगोल घालणाऱ्या राजाने ते देऊन ठेवले आहे. ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून निघालेले कुटुंब कर्नाटकात पोचते तेव्हा त्यांच्या मुलालाही हेच उत्तर हवे असते.

मग आपण, वाङ्मयाचे अभ्यासक, यात कोठे आहोत? बालशिक्षण हा समाजकल्याण खात्याचा विषय, असे मानून आपण बाजूला राहिलो. परंतु सहा वर्षांखालील मुलासाठी गोष्ट कोणत्या भाषेत, कोणत्या लयीत सांगावी, बोलीतून प्रमाणभाषेकडे मुलाला कसे न्यावे, दोन भाषांच्या सीमेवरच्या मुलाला दोन्ही कशा द्याव्यात, हे प्रश्न खात्याचे नाहीत. ते भाषेचे आहेत. भारतीय भाषांच्या विद्यापीठीय विभागांनी आपल्या परिसरातील चार अंगणवाड्यांसाठी तेथल्या बोलीतली गाणी-गोष्टी गोळा करून दिली, तर ते संशोधनाच्या प्रतिष्ठेला बाधक होईल असे समजण्याचे कारण नाही. सख्खन पंडितांनी हेच केले, आणि त्यांचे नाव मराठी मुद्रणाच्या इतिहासात राहिले. आणि नागरिक म्हणून आपली मागणीही स्पष्ट असावी. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाचे मोफत संगोपन आणि शिक्षण हा एकच, अविभाज्य आणि न्यायालयात सांगता येण्याजोगा हक्क असावा, आणि ज्या स्त्रिया ते काम करतात त्यांना मानधनावर राबणाऱ्या स्वयंसेविका न मानता शिक्षिका मानावे.

सरफोजीराजांना आपल्या छत्रांसाठी विनवणी लिहावी लागली, कारण त्यांच्या हाती सत्ता उरली नव्हती. आपली परिस्थिती तशी नाही. जमाखर्च आपला आहे आणि लिपीही आपली आहे. तेव्हा दुधाचा हिशेब आणि मुलाची गोष्ट पुन्हा एका पानावर लिहिण्यास आता विलंब का व्हावा, हा प्रश्न तंजावरचे कागद आपल्याला विचारीत आहेत.